टुरीचा पेपर अन जवसाचं तेल

"ऐकलं का वो मॅडम? आमच्या टुरीनं तेल वाळू घातलं हाये."

काकूंच्या बातम्या अशाच येतात. आधी मथळा, मग तपशील, आणि शेवटी या भानगडीत माझा काही हात आहे का याची चौकशी. आमच्या आणि त्यांच्या सांदवाडीच्या मधे बोरीच्या काट्यांचं कुंपण आहे. एका जागी ते मोडलंय, पण नीट करायचं दोन्ही घरांत कुणी नाव काढत नाही, कारण करडी गावातली अर्धी माहिती त्याच फटीतून येते-जाते. धान घरात आलं, उतेऱ्याचं जवस बांधीत वीतभर वाढलं, की दुपारी काकू मोकळ्या असतात.

"तेल वाळू घातलं म्हणजे?"

"फुटल्या खिडकीच्या काचा घेतल्या तिनं. एकीवर जवसाचं तेल चोपडलं अन ठेवली उन्हात. दुसरीवरही जवसाचंच, पन ती कोठीत, अंधारात. तिसरीवर फल्ली तेल. अन रोज सकाळी बोट लावून पाहाते. मी म्हनलं, बाई, तेल कधी वाळते का? त म्हने, आजी, जवसाचं वाळते. बाया इचारून राहिल्या ना, पोरीले काही झालं का म्हून!"

"अभ्यास करतेय ती, काकू." नात भंडाऱ्याला केमिस्ट्रीत एम.एस्सी. करते, परीक्षेआधी घरी आलीय, एवढं मला ठाऊक होतं.

"अभ्यासाचंच त सांगून राहिली. काय वाचतेस म्हनलं, त म्हने, आजी, अशी एक चीज असते का जे डोळ्याले दिसत नाई, टिकत नाई, बाटलीत भरता येत नाई. झाली म्हनेपर्यंत गेली. अन तिच्यावर पेपर हाये! आता मले सांगा, जे राहातच नाई, त्याचा पेपर तपासनारा तरी कसा तपासते?"

प्रश्न चोख होता. रासायनिक क्रियेत सुरुवातीला काय होतं आणि शेवटी काय झालं हे भांड्यात दिसतं. मधल्या टप्प्यावर क्षणभर जन्मून नाहीशी होणारी जी मंडळी असतात, त्यांचा हा पेपर. कार्बोकॅटायन, कार्बॅनायन, कार्बीन, बेन्झाइन आणि फ्री रॅडिकल, ज्याला मराठी पुस्तकं मुक्त मूलक म्हणतात. पोरं यांच्यासाठी बाण काढायला शिकतात: दोन इलेक्ट्रॉन सरकले तर पूर्ण टोकाचा बाण, एकच सरकला तर अर्ध्या टोकाचा. बहुतेकांचा अभ्यास त्या बाणांपाशीच संपतो, आणि खरं सांगायचं तर मार्कही तेवढ्यावरच मिळतात. ही पोरगी मात्र तेलाला बोट लावून पाहतेय. मला ते फार आवडलं, आणि मी काकूंना तसं सांगून बसले.

"हां! म्हंजे तुमीच शिकवलं असन."

"मी नाही शिकवलं. पण तिचं बरोबर आहे. जवसाचं तेल वाळतं. आणि वाळताना त्याचं वजन कमी होत नाही, वाढतं."

"वाढते? येते कुठून?"

"हवेतून. हवेतला ऑक्सिजन घेतं ते."

काकू फटीजवळ सरकल्या. म्हणजे आता सविस्तर सांगायला हरकत नव्हती.

तेलाच्या रेणूत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. जवसाच्या तेलातल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त साखळ्या लिनोलेनिक ॲसिडच्या. प्रत्येकीत अठरा कार्बन आणि तीन ठिकाणी दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधे जो कार्बन सापडतो, त्याच्यावरचे हायड्रोजन सैल असतात. ऊन लागलं, उष्णता लागली, एखाद्या धातूचा अंश मिसळला की त्यातला एक निसटतो आणि कार्बनवर जोडीदाराविना एक इलेक्ट्रॉन उरतो. हे झालं फ्री रॅडिकल. ते तिथल्या तिथे ऑक्सिजनला धरतं आणि पेरॉक्सी रॅडिकल बनतं. ते शेजारच्या साखळीवरचा सैल हायड्रोजन ओढून स्वतः शांत होतं, पण आता त्या शेजारच्या साखळीवर एकटा इलेक्ट्रॉन. तिलाही ऑक्सिजन भेटतो, ती पुढच्या साखळीकडे वळते. एका सुरुवातीतून कितीतरी रेणू बदलत जातात. दोन रॅडिकल समोरासमोर आली की त्यांच्या एकट्या इलेक्ट्रॉनांची जोडी जमते, दोन साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. अशा लाखो गाठी पडल्या की पातळ तेलाचं कातडं होतं.

"पिप्याच्या तोंडाले सायीवानी जे धरते, तेच का?"

"तेच."

"मंग फल्ली तेलाले काहून नाई धरत?"

इथे मला काकूंचं कौतुक वाटलं. नातीनं तिसरी काच ज्यासाठी ठेवली होती, तेच त्यांनी आपणहून विचारलं. फल्ली तेलात, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात, लिनोलेनिक जवळपास नसतंच. त्यात एकाच दुहेरी बंधाचं ओलेइक भरपूर आणि दोन दुहेरी बंधांचं लिनोलेइक थोडं कमी. ओलेइकच्या मानानं लिनोलेइक दहा-बारा पट वेगानं ऑक्सिजन घेतं, लिनोलेनिक वीस-पंचवीस पट. म्हणून फल्ली तेल ठेवून ठेवून खवट होईल, पण त्याचं कातडं होणार नाही. खोबरेल तेलात तर दुहेरी बंध अगदीच थोडे, म्हणून ते बाटलीत महिनोन् महिने तसंच राहतं.

"हे मले सांगाचं कामच नाई," काकू म्हणाल्या. "जवस अख्खी ठेवली त सालभर काही होत नाई. कुटली का पंधरा दिवसांत चटनी कडू. म्हून मी मूठ-मूठच भाजतो."

हे आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलंही नाही. अख्ख्या बीला साल आहे, आत हवा जात नाही, शिवाय बीमधे स्वतःची राखण करणारी द्रव्यं असतात. ई जीवनसत्त्व त्यातलंच. पेरॉक्सी रॅडिकलला ते स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं आणि मग स्वतः इतकं संथ बसतं की साखळी तिथेच तुटते. घाण्याच्या ताज्या तेलातही ते असतं. म्हणून नातीच्या काचेवर सुरुवातीला काही घडल्यासारखं दिसतच नाही. राखणदार संपले की मग एकदम वेग येतो. फरसाणाच्या पाकिटावर बारीक अक्षरात 319 लिहिलेलं असतं, ते टीबीएचक्यू नावाचं कृत्रिम राखणदारच. 320, 321 ही त्याचीच भावंडं.

"आन कोंढ्याचं? राईस मिलचा कोंढा त दोन दिवसांतच वास मारते."

हा प्रश्न फसवा आहे, आणि परीक्षेत विचारला तर अर्धा वर्ग पडेल. धानाच्या कोंढ्याची घाई रॅडिकलची नाही. तांदूळ सडताना कोंढ्यातलं लायपेज नावाचं विकर आणि तेल एकत्र येतात, विकर तेलाचे तुकडे करतं, मोकळी ॲसिडं सुटतात. तिथे ऑक्सिजनची गरजच नाही. म्हणून कोंढ्याचं तेल काढणारे कारखानदार आधी कोंढा तापवतात. त्यानं विकर मरतं. खवट लागलं की सगळीकडे फ्री रॅडिकलवर आळ घ्यायचा, ही शिकलेल्यांची खोड.

काकूंनी मान डोलावली, पण त्यांचा मूळ आक्षेप त्या विसरल्या नव्हत्या.

"ते सगळं खरं. पन दिसत नाई म्हनता, टिकत नाई म्हनता. मंग हाये हे कोनी पाहिलं?"

"काकू, परवा मागच्या गल्लीत पाहुणे आले होते. तुम्ही पाहिले?"

"मी कायची पाहातो! मी त वावरात होतो."

"मग पोरगी पाहायला आले होते, हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय? अंगनात चारचाकीच्या चाकाच्या निशान्या. दुपारी दोन वाजता पोह्याचा वास. तिची माय सकाळी जुडीभर सांबार मागाले आली, रोजच्या भाजीले कोनी जुडीभर नेते का? अन संध्याकाळी पोरीचे डोळे लाल. पसंत नाई पडली त्याईले."

"रसायनवाले हेच करतात. पाहुणे निघून गेल्यावर काय काय उरलं, काय नाहीसं झालं, किती वेळात झालं, यावरून पाहुणा कोण होता ते ठरवतात."

काकूंना ही तुलना पटली, एवढंच नाही तर थोडी मानाचीही वाटली. मग मी त्यांना मोझेस गोम्बर्गची गोष्ट सांगितली, कारण त्यात भानगड आहे आणि काकूंना भानगड लागते.

हा माणूस 1866 साली आजच्या युक्रेनमधल्या एलिझावेटग्राड गावी जन्मला. झारच्या राजवटीत बापावर संशय आला आणि 1884 मधे घरदार सोडून शिकागोला पळावं लागलं. तिथे खाटीकखान्यांच्या आवारात मिळेल ते काम करत शिकला आणि मिशिगन विद्यापीठात मास्तर झाला. 1900 साली त्याला एक मोठा रेणू बनवायचा होता: दोन कार्बन, प्रत्येकावर तीन-तीन बेन्झिनची कडी. हाती पांढरी पूड आली, पण तिच्या तपासणीत कार्बन कमी भरत होता. दुसरा कुणी असता तर हिशोब चुकला म्हणून सोडून दिला असता. यानं पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे कुणीतरी आत शिरतंय. कोण, तर हवेतला ऑक्सिजन. मग त्यानं हवा काढून कार्बन डायऑक्साइडमधे सगळा खटाटोप केला, तेव्हा पिवळा द्राव मिळाला. हवा दाखवली की रंग जायचा आणि तीच पांढरी पूड खाली बसायची. त्याच्या डोक्यात आलं की इथे कार्बनला चारऐवजी तीनच बंध आहेत. ट्रायफेनिलमिथाइल, पहिलं ओळखलेलं फ्री रॅडिकल.

"अन लोकाईनं मानलं?"

"कसं मानतील? कार्बनला चार हात, हे सगळ्यांनी पाठ केलेलं. कितीतरी वर्षं वाद चालला. यानं मात्र पहिल्याच लेखाच्या शेवटी लिहून टाकलं होतं की या विषयात पुढचं काम मीच करणार, माझ्यासाठी राखून ठेवा."

"धुरा घालून ठेवला म्हना ना!" काकू खूष. "मंग? कोनी घुसलं का नाई?"

घुसले, सगळे घुसले. धुरा काही टिकला नाही. गंमत पुढे आहे. दोन रॅडिकल एकत्र येऊन जो रेणू होतो, तो गोम्बर्गला हवा होता तोच असणार, असं पुस्तकं साठ-सत्तर वर्षं छापत राहिली. 1968 मधे डच रसायनवाल्यांनी दाखवलं की तसं नाहीच. दुसरं रॅडिकल मधल्या कार्बनला न धरता एका कड्याच्या टोकाला धरतं, कारण मधे गर्दी फार. गोम्बर्ग जो रेणू करायला निघाला होता तो त्याला मिळालाच नव्हता, आणि त्या न मिळण्यातून त्याचं नाव झालं.

ते रॅडिकल तरी जरा दमाचं होतं. तीन कडी भोवती असल्यानं एकटा इलेक्ट्रॉन पसरून बसायला जागा होती. मिथाइलसारख्या लहानग्याला ते कुठून जमणार? त्याचा माग 1929 मधे फ्रिट्झ पानेथ आणि विल्हेल्म होफेडिट्झ यांनी बर्लिनमधे काढला. हा प्रयोग मला सगळ्यांत देखणा वाटतो. शिसं, नळी आणि आच, एवढंच सामान. शिशाला चार मिथाइल जोडलेली वाफ लांब नळीतून सोडायची. एका जागी नळी तापवली की वाफ तुटते आणि शिशाचा चकचकीत आरसा नळीला आतून चिकटतो. मग आच मागे सरकवायची, वाफ जिकडून येते त्या बाजूला. तिथे नवा आरसा बसायला लागतो आणि पुढचा जुना आरसा हळूहळू नाहीसा होतो. आता तो कोण खातंय? मागच्या आचेत सुटलेलं मिथाइल वाहत पुढे येतं, शिशाला धरतं आणि त्याला घेऊन निघून जातं. आचेपासून आरसा जितका लांब, तितका तो जायला वेळ जास्त, कारण वाटेतच बरीचशी मिथाइल संपून जातात. वाफेचा वेग ठाऊक, अंतर ठाऊक. यावरून त्यांनी आयुष्य काढलं. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या सहाएक भागांत निम्मी मिथाइल संपलेली असतात.

"बाप्पा! एवढ्यात त पापनीबी लवत नाई."

"नाही लवत. आणि तरी त्यांचं अस्तित्व आरशावरून कळलं."

पुढे तर थेट पाहण्याचीही सोय झाली. 1944 मधे कझानच्या झावोइस्कीनं दाखवलं की जोडीदाराविना उरलेला इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात ठेवला तर ठरावीक लहरी शोषतो. ईएसआर म्हणतात ते हेच. 1949 मधे नॉरिश आणि पोर्टर यांनी झगझगीत प्रकाशाचा एक झोत मारून रॅडिकलं जन्माला घालायची आणि लगेच दुसऱ्या झोतात त्यांची नोंद घ्यायची, ही तऱ्हा काढली. त्याबद्दल 1967 चं नोबेल त्यांना मान्फ्रेड आयगेनबरोबर वाटून मिळालं. पण विद्यार्थ्यानं सुरुवात आरशापासूनच करावी असं माझं मत आहे. यंत्राच्या पडद्यावरचा आलेख पाहून विश्वास बसतो, पण कसं शोधावं ते कळत नाही.

काकूंच्या नातीला प्रॅक्टिकलला जुन्या बाटल्यांचा धाक घालतात म्हणे. उघडून ठेवलेला ईथर वापरू नका, आधी तपासा. जुन्या बाटल्यांचा असाच एक किस्सा आहे. हायड्रोजन ब्रोमाइड दुहेरी बंधाला जोडताना ब्रोमीन कोणत्या कार्बनवर बसतं, यावरून वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं दोन उत्तरं येत होती. कुणी उजेडाला दोष दिला, कुणी द्रावकाला. 1933 मधे शिकागोच्या मॉरिस खराश आणि फ्रँक मेयो यांनी सांगितलं की बाटली जुनी की ताजी ते पाहा. हवेत राहिलेल्या पदार्थात पेरॉक्साइडचा अंश साठतो, त्यातून रॅडिकलं सुटतात आणि ब्रोमीन भलत्या कार्बनवर जाऊन बसतं. ताज्या, शुद्ध मालात नेहमीचं उत्तर. खराशही मूळचा युक्रेनकडचाच, बरं का.

"म्हंजे खवट तेलच ते," काकूंनी निकाल दिला. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

तेवढ्यात त्यांना नव्यानं आठवलं. "आन ते मँगनीजचं काय म्हनत होती टुरी? डोंगरीचा गोटा आनून द्या म्हने कोनीतरी. आता डोंगरी बुजुर्ग काय इथं हाये?"

हे ऐकून मी सरळ उभीच राहिले. पोरीनं मँगनीज आणि जवसाच्या तेलाची सांगड घातली असेल, तर तिच्यासाठी मी स्वतः तुमसरला जाईन. आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं मँगनीजच्या खाणी आहेत, आज मॉईल कंपनीच्या. चिखल्याची जमिनीखाली, डोंगरीची उघडी. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमधे जातं, हे इथं पुष्कळांना माहीत असतं. पण रंगारी लोक शेकडो वर्षं जवसाचं तेल लवकर वाळावं म्हणून त्यात शिशाचं नाहीतर मँगनीजचं संयुग घालून तापवत आले, हे कुणी सांगत नाही. मँगनीज स्वतः खर्च होत नाही. तेलात साठलेल्या हायड्रोपेरॉक्साइडचे तुकडे करून ते नवी रॅडिकलं सोडतं. कधी एक इलेक्ट्रॉन देतं, कधी परत घेतं. जे आठवडा घेतं ते दिवसावर येतं. चित्रकारांचा तो अंबर नावाचा तपकिरी रंग भरभर वाळतो, त्याचं कारण त्यातलं मँगनीजच. पुढे कोबाल्ट आलं, मँगनीज मागे पडलं.

मात्र एक आहे. गोटा आणून तेलात टाकला तर फार काही होणार नाही. ते तेलात विरघळेल अशा रूपात हवं. पोरीला हे सांगायला हवं, नाहीतर काचेकडे बघत बसेल.

आणि त्याच मँगनीजच्या पैशातून नागपुरात तेलाचं शास्त्र शिकवणारी संस्था उभी राहिली, हे काकूंना ठाऊकच नव्हतं. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींचे मालक. त्यांनी मृत्युपत्रात आपली मोठी संपत्ती नागपूर विद्यापीठाला उद्योगाच्या उपयोगी विज्ञान शिकवण्यासाठी ठेवली. त्यातून 1942 मधे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाली, एलआयटी. तेल तंत्रज्ञान हा तिथला जुना विषय. आता तिचं विद्यापीठ झालंय. आणि जवसाचे वाण काढणारं केंद्र नागपूरच्याच कृषी महाविद्यालयात, एनएल-97, पीकेव्ही एनएल-260 हे तिथले. म्हणजे बी नागपूरचं, तेलाचं शास्त्र नागपूरचं, मँगनीज आपलं. उणीव आहे ती बांधीत जवस पेरणाऱ्यांची.

"कोन पेरते आता? उतेऱ्याले टाकलं त टाकलं. डुकरं अन जनावरं सोडतात का?" काकूंनी दोन वाक्यांत कृषी धोरण संपवलं. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, एक इचारू का? नातवाच्या बॅटले टुरीनं हेच तेल लावून देल्लं. पुसले का नाई, त्या चिंध्या तिनं गोळा करून टोपल्यात कोंबल्या. टोपलं गोठ्यात हाये, तनसीजवळ. मघा हात लागला त गरम लागलं मले. ऊन पडलं असन."

"काकू, गोठ्यात ऊन येतं?"

काकू गप्प. त्यांना गप्प बसलेलं मी क्वचितच पाहते.

ऑक्सिजन घेताना तेल उष्णता सोडतं. काचेवर पातळ थर असतो, उष्णता हवेत जाते, कळतसुद्धा नाही. चिंध्यांच्या गोळ्यात तेल भरपूर पसरलेलं, हवा आत शिरायला जागा, पण उष्णता बाहेर पडायला नाही. तापलं की क्रिया वेग घेते, वेग घेतला की आणखी तापतं. काडी न लावता पेट घेतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा नावाची 38 मजली इमारत होती. 23 फेब्रुवारी 1991 च्या रात्री बाविसाव्या मजल्यावर आग लागली. कारण काय, तर लाकूडकाम घासून-पुसून करणाऱ्यांनी तिथे ठेवलेल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या. आग तिसाव्या मजल्यापर्यंत चढली, तिथे पाण्याचे फवारे होते म्हणून थांबली. अग्निशमन दलाचे तिघं गेले.

माझं बोलणं संपायच्या आत काकू गोठ्याकडे निघाल्या होत्या. टोपलं अंगणात आलं, बादलीभर पाणी पडलं, आणि मग मी सांगितल्याप्रमाणे चिंध्या एक-एक सुटी करून काट्यांवर पसरून टाकल्या. गोळा कधी करायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. घरातून नात डोकावली, काय झालं म्हणून. आजीनं तिला काय सुनावलं ते छापण्यासारखं नाही. सार एवढंच की बाण काढता येतात आणि चिंधी ठेवता येत नाही.

पोरगी ओशाळली, पण तिचंही बरोबर होतं. पुस्तकात साखळी क्रियेचं समीकरण असतं, त्याच्या शेजारी टोपल्याचं चित्र नसतं.

राग ओसरल्यावर काकू परत फटीपाशी आल्या. हातात डबी. "आता हे सांगा. हे मले दुकानदारानं देल्लं. फ्री रॅडिकल मारते म्हने. जवसाच्या तेलाच्याच गोळ्या हायेत अन किंमत पाहा!"

मी हात जोडले. शरीरात फ्री रॅडिकलं होतात, त्यांना आवरणारी यंत्रणाही शरीरातच आहे. 1969 मधे मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी असं एक विकर ओळखलं, जे सुपरऑक्साइड नावाचं रॅडिकल निकामी करतं. पण सगळीच मारायची म्हटलं तर आपलंच नुकसान. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच सुपरऑक्साइड मुद्दाम बनवतात. वरून गोळ्या देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग फिनलंडमधे झाला, 29 हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर. 1994 मधे निकाल आला: बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा तो 18 टक्के जास्त निघाला. तेव्हापासून मी डबीवरचं वाचते आणि डबी परत ठेवते. जवस खायचं तर घरचं खा.

"आणि काकांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते ना, सॉर्बिट्रेट?"

"ते कधी विसरत नाई ते."

"त्या गोळीतून शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. त्याच्यावरही जोडीविना एक इलेक्ट्रॉन आहे. म्हणजे तेही रॅडिकलच. शरीर स्वतःसुद्धा ते बनवतं. हे शोधणाऱ्या तिघांना 1998 मधे नोबेल मिळालं."

काकूंनी डबी पदराआड केली. उद्या दुकानदाराची खैर नव्हती.

"बरं, हे सगळं शिकून टुरीले नोकरी कुठं लागन?"

आजीनं खरा प्रश्न शेवटी ठेवला होता. मी म्हटलं, रंगाचे कारखाने आहेत, तेलाचे आहेत. वावरात तुम्ही जो पीव्हीसीचा पाईप टाकला, तो रॅडिकलच्या साखळीनंच बनतो. पॉलिथिन तर इंग्लंडात 1933 मधे अपघातानंच सापडलं, आणि नंतर कळलं की चुकून शिरलेल्या जराशा ऑक्सिजननं ते घडवलं. पुढे संशोधन करायचं तर पुण्याला एनसीएल आहे, 1950 पासून. नागपुरात एलआयटी.

"नागपूर बरं. पुन्याले कोन पाहाले जाते तिले." काकूंनी हिशोब केला. "नागपूरले राहिली त चटनी धाडता येईन. पन कुटून नाई धाडनार. अख्खी जवस धाडीन, तव्यावर भाज म्हनीन, अन मूठ-मूठच कुटजो. बाकी मिक्सर घेऊन देनं तिच्या बापाचं काम."